वीस बोटांचा पहारा

मु. पो. उत्रोली, ता. भोर
दसऱ्यानंतरचा पाचवा दिवस

ती. आक्कास,

धाकट्या कुंडलिकाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण उजवा गुडघा हल्ली अर्ध्यावर अडकतो आणि खोटं लिहायची सवय नाही, तेव्हा उभ्यानेच केलेला पदरात घे. दाजींनाही सांग. त्यांचा खोकला कसा आहे? तुझी कंबर? वेल्ह्याला यंदा पाऊस फार झाला असं ऐकलं, तेव्हा दोघंही जपून असा. इकडे कमळाचे दोन्ही गुडघे, माझा एक आणि म्हशीचा मागचा डावा पाय एवढे सोडले तर सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनचं काय होतं ते तुला माहीत आहे. मी फोन केला की तू उचलतेस, माझा आवाज ऐकतेस आणि एक शब्द न बोलता फोन दाजींच्या हातात देतेस. दाजी बिचारे विचारतात, पाऊस कसा आहे. मी सांगतो, बरा आहे. मग ते विचारतात, भात कसं आहे. मी सांगतो, बरं आहे. सात वर्षं झाली, आम्ही दोघं पाऊस आणि भात यांच्या पुढे गेलेलो नाही. (उन्हाळ्यात फार पंचाईत होते.) पत्राचं तसं नाही. पाकिटावर तुझं नाव आहे, आणि दुसऱ्याच्या नावाचं पाकीट दाजी फोडणार नाहीत एवढं मी त्यांना ओळखतो. सात वर्षांत तू माहेरचा उंबरा ओलांडला नाहीस. का, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तो विषय मी या पत्रात काढणार नाही. हे पत्र केवळ आणि केवळ घरात चोर शिरला तर ओरडणाऱ्या यंत्राबद्दल आहे, आणि ते लिहिताना मी पुरता रडकुंडीला आलेलो आहे.

सुरुवात आमच्या अमृतने केली. चिंचवडला त्याच्या इमारतीत कोणाच्या तरी बंद घराचं कुलूप फोडलं, आणि त्याची झोप उडाली ती उत्रोलीच्या घराच्या काळजीने. (त्याच्या स्वतःच्या घराला तीन कुलपं आहेत, त्यामुळे काळजी करायला त्याला आमचंच घर उरलं.) म्हणाला, "बाबा, तुमी दोघंच असता तिथं, आन् दार सताड उघडं." आता आपलं दार तुला माहीत आहे. पुढचं दार सकाळी उघडतं ते निजताना लागतं. मागच्या दाराची कडी कधीच गेली, तिथे तार आहे, आणि ती तार कशी काढायची हे आपल्या आळीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे. बाहेर जायचंच झालं तर घराची किल्ली कोनाड्यात, पणतीखाली. ती तिथे असते हे गुपित उत्रोलीत फक्त नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनांना माहीत नसतं, आणि त्यांनाही आठवड्यात कळतं. हे मी अमृतला समजावून सांगितलं. त्याने अजून घाबरून निकाल दिला की एकतर यंत्र बसवा, नाहीतर दोघंही चिंचवडला या, अकराव्या मजल्यावर. मी तिथे एकदा चार दिवस राहिलो आहे, आक्का. अकराव्या मजल्यावरून माणसं दिसतात, पण कोण चाललंय ते कळत नाही. मी यंत्राला हो म्हणालो.

तेहतीस वर्षं पंचायत समितीत आवक-जावक सांभाळलेला माणूस मी. कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी तुलनात्मक तक्ता. अमृतने मोबाईलवर पाठवलेली माहिती मी आडव्या-उभ्या रेघा मारून कागदावर उतरवली. यंत्रं तीन जातीची निघाली. पहिलं नुसतं बघतं, दुसरं हालचाल ओळखतं, तिसरं माणूस ओळखतं. आवडलं नाही तर महिन्याच्या आत परत करायची सोय होती, म्हणून अमृत म्हणाला, तिन्ही बघा आणि निवडा. तिथेच माझं नशीब फिरलं.

पहिल्यांदा बघणारं आलं, म्हणजे कॅमेरा. तो ओसरीवर बसवला आणि अंगण, दार, सगळं चिंचवडला अमृतच्या मोबाईलवर दिसू लागलं. ऐकूही येऊ लागलं. ओसरीवर सकाळचं काम उरकलं की तांदूळ निवडायला आळीतल्या बायका बसतात, हे तुला सांगायला नको, तूही बसायचीस. शेजारच्या ठकुबाईला (जिने हाक मारली की नीरेच्या पलीकडची गुरं मान वर करतात तीच) कळलं की आपलं बोलणं अमृतला ऐकू जातं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका कॅमेऱ्याकडे पाठ करून, तोंडावर पदर घेऊन, खुणांनी बोलत बसल्या. अमृतने कामावरून घाबरून फोन केला की बाबा, ओसरीवर काहीतरी कट शिजतोय. तिसऱ्या दिवशी ठकुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली, कॅमेऱ्यासमोर मांडी घालून बसली, आणि अमृत लहानपणी किती वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा, ती अंथरुणं कुठल्या दोरीवर वाळायची आणि त्यावर तिने कोणता काढा सुचवला होता, हे सगळं खड्या आवाजात सांगितलं. नेमकी त्याच वेळी आमची सूनबाई शेफाली आपल्या मैत्रिणींना सासरचं घर दाखवत होती. त्या दुपारीच अमृतचा फोन आला की कॅमेरा काढा, तो काही खरा नाही.

दुसरं हालचाल ओळखणारं. ते कोठीच्या खोलीत बसवायचं ठरलं, कारण भाताची पोती, पेटी आणि जे काय थोडंफार आहे ते तिथेच. (कोठीला सात वर्षं कुलूप नाही. कुलूप आहे आणि किल्लीही आहे, पण ती खिळ्याला टांगलेली असते. तो विषय काढणार नाही असं मी म्हणालो आहे.) या यंत्राचा डोळा लाल, आणि त्याच्यासमोर काही हललं की भोंगा वाजतो. पहिल्याच दिवशी तो अकरा वेळा वाजला. मी वहीत नोंद ठेवली: उंदीर सहा वेळा, उंदराच्या मागे मांजर तीन वेळा, वाऱ्याने हललेलं कॅलेंडर एकदा, आणि एकदा कारण समजलं नाही. दुसऱ्या दिवशी खुद्द यंत्राच्या डोळ्यावरच पाल येऊन बसली आणि शेपूट हलवू लागली; त्याची नोंद कशी करायची ते मला कळेना. मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या की आजोबा, यंत्र लावल्यावर त्या खोलीत हालचाल होता कामा नये. आक्का, घर आहे ते. घरात हालचाल होता कामा नये अशी अट मी कुठल्याही सरकारी परिपत्रकातसुद्धा वाचलेली नाही.

मग तिसरं आलं, माणूस ओळखणारं, आणि त्याच्याबरोबर पुण्याहून एक गृहस्थ आले. टाय लावलेला, चेहरा कायम गंभीर, जणू चोरी नुकतीच होऊन गेली आहे. दाराच्या चौकटीला लोहचुंबक, बाजूला भिंतीवर काळी डबी. डबीवर बोट ठेवून मग दार ओलांडायचं. बोट ओळखीचं असलं की आतून एक बाई म्हणते, स्वागत आहे. बोट न ठेवता कोणी आत आलं, किंवा बोट अनोळखी निघालं, की छपरावरचा भोंगा पार मुख्य रस्त्याला एसटीत बसलेल्यांना ऐकू जाईल असा वाजतो. मला यंत्र पटलं. पण बसवण्याआधी त्यांनी एक फॉर्म काढला आणि म्हणाले, तुम्हीच भरा.

फॉर्म म्हटल्यावर माझा हात कसा चालतो ते तू जाणतेस. नाव, वय, खोल्या किती, दारं किती, भराभर भरलं. मग एक रकाना आला: यापूर्वी या घरात चोरी झाली आहे का? त्याच्या खाली: काय गेलं? आणि त्याच्या खाली: संशय कोणावर? माझं पेन थांबलं. कमळा चहा घेऊन आली होती. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं (तिला वाचायला वेळ लागतो, त्यामुळे ती बराच वेळ उभी होती) आणि चहा तिथेच ठेवून म्हणाली, "लिवा की. थांबला कशापायी? लग्नाच्या मांडवात बरं पटकन सुचलं हुतं."

बघ, विषय मी काढलेला नाही. तो कंपनीच्या फॉर्मने काढला.

आता निघालाच आहे तर सांगून टाकतो. अमृतच्या लग्नात कोठीची किल्ली तुझ्याकडे दिली होती. माहेरच्या कार्यात कोठी थोरल्या लेकीने सांभाळायची, हा आपल्याकडचा मान, आणि तू तो कमरेला खोचून चार दिवस उभी होतीस. चौथ्या दिवशी कमळाला पेटीत आईची ठुशी दिसेना. मांडवात पन्नास माणसं. मी तुला चोर म्हणालो नाही. मी कार्यालयात वस्तू सापडेनाशी झाली की विचारायचो तसं विचारलं: "आक्का, किल्ली कोणाच्या ताब्यात होती?" एवढंच वाक्य. कार्यालयात त्या वाक्याने कधी कोणाला राग आला नव्हता; पण कार्यालयात कोणी माझी बहीणही नव्हतं. तू कमरेची किल्ली काढलीस, उंबऱ्यावर ठेवलीस, आणि पूजेच्या प्रसादालाही न थांबता दुपारच्या एसटीने गेलीस. मी उंबऱ्यावरच उभा होतो आणि तुला हाक मारली नाही. का मारली नाही, हे मला अजून कळलेलं नाही. जन्मभर मी एकही रकाना मोकळा सोडला नव्हता, आक्का. त्या दिवशी पुण्याच्या माणसासमोर तिन्ही रकान्यांवर आडवी रेघ मारली. तो म्हणाला, चालेल, तसं ते ऐच्छिक आहे.

यंत्र बसलं. आणि मग कळलं की ते वीसच माणसं लक्षात ठेवतं. मी हसलो. म्हटलं, घरात आम्ही दोघं, वीस कशाला लागतायत. मग यादी करायला बसलो. आम्ही दोघं, अमृत, शेफाली. ठकुबाई रोज विरजण न्यायला येते, ती. रखमाजी, कारण विहिरीच्या सामाईक मोटारीचा स्टार्टर आपल्या मागच्या खोलीत. सोनबा, कारण आम्ही बाहेरगावी असलो की म्हैस तोच काढतो. भजनी मंडळाची पेटी आणि टाळ मधल्या खोलीत असतात, म्हणजे ती चार माणसं आली. गणपतीची आरास माळ्यावर, म्हणजे मंडळाची दोन. मयताची तिरडी बांधायला लागणारी सुंभाची दोरी आपल्याकडेच असते, आणि ती न्यायला कोण येईल हे आधी सांगता येत नाही. असं करत यादी तेहतीसवर गेली. ती विसावर आणायची म्हणजे तेरा माणसांना सांगायचं की यंत्राच्या दृष्टीने तुम्ही चोर. ज्यांची नावं गळली ती माणसं समोरून जाताना मान वळवू लागली. भजनी मंडळाने पेटी आणि टाळ उचलून देवळात नेले. जाताना म्हणाले, "आमच्यापायी तुमच्या डबीला तरास नको."

जे यादीत राहिले ते तरी खूश असावेत? यंत्र प्रत्येकाला नंबर देतं, आणि ती आतली बाई मोठ्याने म्हणते, स्वागत आहे, सदस्य क्रमांक अमुक. झालं. ठकुबाई पाच, हे रखमाजीने यादीत वाचलं, आणि आपण अकरा, हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. दोन दिवस त्याने मोटार चालू केली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्या आज्याच्या लग्नात पयला नारळ आमच्या घरात दिला हुता. आन् आता अकरावा व्हय?" मी म्हटलं, हा मान नाही, नुसता क्रमांक आहे. तो म्हणाला, "क्रमांक म्हंजी मान न्हाई तर मग काय असतं?"  शिवाय आळीत दुसरीच कुजबुज सुरू झाली. नंबर दोनपासून सुरू होतात, कमळा दोन, मी तीन; मग एक नंबर कोणाचा? ठकुबाईचं मत, ग्रामदैवताचा. सोनबाचं मत, आमदाराचा. रखमाजीचं मत, कंपनीने स्वतःसाठी ठेवलाय, आपण नसताना येऊन बघायला. मला विचारलं तर मी म्हणालो, यंत्र तसंच आहे.

पण खरा घात पुढेच होता. रेशनच्या दुकानात होतं तेच झालं, आक्का. कमळाचं बोट लागेना. उजवं लागेना, डावं लागेना, अंगठा लागेना, साबणाने धुऊन लागेना, पुसून लागेना. ठकुबाईचं लागेना, सोनबाचंही लागेना. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. भात लावून, राखेने भांडी घासून, शेणात हात घालून कसल्या रेषा राहतायत? माझं बोट मात्र पहिल्या फटक्यात लागलं. अमृतचं लागलं. शेफालीचं तर नुसतं टेकवायच्या आत लागलं. म्हणजे ज्यांनी या घरात कधी तांब्या विसळून ठेवला नाही त्या सगळ्यांचं यंत्र मनापासून स्वागत करतं. कमळा डबीकडे बघून म्हणाली, "चाळीस वरसं राबले ह्या घरात. आन् ह्या डबड्याला म्या चोर दिसते, तुमी मालक."  डबीचं म्हणणं खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग भोंगा वाजू लागला. कमळा शेण टाकून आली, वाजला. पाणी घेऊन आली, वाजला. बोट लावून वाजला, न लावून वाजला. पहिल्या दिवशी सगळी आळी विळे-काठ्या घेऊन धावली, आणि आली ती चहा घेऊनच गेली. दुसऱ्या दिवशी निम्मी आली. चौथ्या दिवशी ठकुबाईने आपल्या परसातूनच विचारलं, "कोन, कमळा का?" आणि कमळाने आतून "व्हय" म्हटलं. आठव्या दिवशी तेही बंद झालं. आता भोंगा वाजला की गावात कोणी मानसुद्धा वळवत नाही. खरोखरीचा चोर यायचा तर ही वेळ उत्तम आहे. तो वाजतगाजत येईल आणि भोंगा वाजतोय म्हणजे कमळाच असणार म्हणून कोणी बघणारही नाही.

ओसरीवर कोणी बसत नाही. विरजण न्यायला कोणी येत नाही. मोटार रखमाजीने परस्पर वायर ओढून आपल्याकडे नेली. गेल्या आठ दिवसांत घरी फक्त विजेचं मीटर बघणारा आला, आणि त्यानेही बाहेरूनच मान उंचावून आकडे लिहून घेतले. घर इतकं सुरक्षित मी आजवर पाहिलं नव्हतं. आणि कमळाने काय केलं सांगू? दार ओलांडलं की भोंगा वाजतो, म्हणून तिने दार ओलांडणंच सोडलं. परसात तीन दगडांची चूल मांडली आहे, पडवीत अंथरूण टाकलं आहे. मला ताट दाराबाहेर मिळतं. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "लोक येत्यात कुठं म्हनायला?" आत मी एकटा बसलेला असतो, आणि ती बाई मी आलो-गेलो की मला सदस्य क्रमांक तीन म्हणते. या घराचा उंबरा न ओलांडणारी आता दुसरी बाई झाली, आक्का. पहिली माझ्या एका वाक्याने गेली, दुसरी माझ्या यंत्राने. मला फार वाईट वाटतं. लिहिलं म्हणून कमी होईल असं वाटलं होतं, तसंही झालेलं नाही.

तेव्हा पत्र लिहिण्याचं कारण असं. तुझा स्वरूप नसरापूरला अशाच यंत्रांच्या दुकानात आहे असं दाजींकडून समजलं. (एकदा पाऊस आणि भात लवकर संपले होते तेव्हा.) त्याला विचारून कळव की या तिन्हींपैकी कोणतं ठेवू, का चौथं एखादं असतं, ज्याला रेषा झिजलेली बोटंही कळतात. परत करायची शेवटची तारीख लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आहे, त्यामुळे उत्तर त्याआधी यावं.

बाकी ठीक. दाजींनी खोकल्यावर थंड पाणी पिऊ नये. स्वरूपला आशीर्वाद, तो माझ्याकडून घेईल का माहीत नाही, पण मी देऊन ठेवतो.

तुझा धाकटा भाऊ,
(सदस्य क्रमांक तीन)
कुंडलिक

ता. क. पत्र परसात जाऊन कमळाला वाचून दाखवलं. तिने चुलीत फुंकर घालत सगळं ऐकलं आणि म्हणाली, "लई लिवलं. लिवायचं ती सोडून समदं लिवलं." म्हणून पुढचं लिहितो.

आणखी एक ता. क. स्वरूपला काही विचारू नकोस. कोणतं यंत्र ठेवायचं याची मला आता फिकीर नाही. एक नंबर कोणाचा हे मी आळीला सांगितलं नाही, तुला सांगतो: तो तुझा आहे. यंत्र बसवलं त्याच वेळी राखून ठेवला, कमळाच्या आणि माझ्या आधी. पण पुण्याचे गृहस्थ म्हणाले की बोट समक्ष येऊनच लावावं लागतं. फोनसारखं दाजींच्या हातात देऊन चालत नाही. तुझं बोट लागणार नाही हे मला आत्ताच दिसतंय. वेल्ह्याच्या चिखलात चाळीस वर्षं भात लावणाऱ्या हाताला रेषा कुठून राहणार? तू उंबरा ओलांडलास की भोंगा वाजेल. वाजू दे. त्या दिवशी मी आळीत दारोदार जाऊन सांगून ठेवणार आहे की आज वाजला तर सगळ्यांनी या, आज खरंच कोणी तरी आलेलं असेल.

शेवटचं. पाकीट जड लागेल आणि पोस्टात जादा तिकिटं लावावी लागतील, कारण आत कोठीची किल्ली आहे. सात वर्षं ती खिळ्याला होती. कमळाने हात लावला नाही आणि मला लावायचा धीर झाला नाही. कुलूप खटक्याचं आहे. आज दुपारी मी ते कोठीला लावून दाबलं. दुसरी किल्ली नाही, हे तुला माहीतच आहे. दिवाळीचे पोहे, नवा गूळ आणि सगळा तांदूळ आत आहे. (चहाची पूडही आत राहिली, हे दाबल्यावर लक्षात आलं.) आता किल्ली तुझ्या ताब्यात आहे, आणि ती कोणाच्या ताब्यात आहे हे मी कोणालाही, कधीही विचारणार नाही. ठुशी अजून सापडलेली नाही, आक्का. हे मुद्दाम लिहितो. ती सापडली म्हणून मी तुला बोलावतोय, असं तुला वाटायला नको.